बटन दाबायच्या आधी मागची पट्टी वाचा

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मोटार वायंडिंगचं दुकान चालवतो, २६ वर्षं झाली. हंगामात विहिरीच्या मोटारी, बाकी वर्षभर पंखे, कूलर, मिक्सर, गिरणीची मोटार, जे येईल ते. पेपरात पत्र पहिल्यांदाच लिहून राहिलो, पण परदेशात जाणाऱ्या-येणाऱ्या विजेच्या वस्तूंची ही गोष्ट चार-पाच वर्षांपासून मनात आहे आन आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या भागातली पोरं आता लांब-लांब गेली. आधी पोरगा पुण्याला लागला तरी गावभर पेढे वाटायचे, आता आमच्या एवढ्याशा गावातून अमेरिकेत आहेत, दुबईत आहेत, कतारमध्ये आहेत, एक जण टांझानियात आहे. चांगली गोष्ट आहे, कष्टाने गेले. पण पोरगं तिकडे, मायबाप इकडे, मग वस्तू जातात-येतात. तिकडून मोबाईल येतो, बीपीची मशीन येते, इकडून मिक्सर जातो, घरघंटी पाठवायचं पण लोक विचारतात. आन दर महिना-दोन महिन्याला त्यातली एखादी वस्तू माझ्या टेबलावर येते. दुरुस्तीला म्हणून येते पण बहुतेक वेळा जळूनच आलेली असते, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

मी जे सांगणार आहे ते एका मशीनपासून सुरू होते. मे २०२१ ची गोष्ट. करोनाची दुसरी लाट, यवतमाळला बेड नाही, ऑक्सिजनसाठी लोक अमरावती-नागपूरपर्यंत फोन लावून राहिले होते. आमच्या गावचे एक रिटायर गुरुजी, ज्यांनी मलेच नाही तर माझ्या मोठ्या भावाले पण शिकवलं, त्यांना दम लागत होता. त्यांचा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीत असतो. त्या पोराने तिकडे कुठून-कुठून शोधून पाच लिटरचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन देणारं मशीन, विकत घेतलं आन पाठवलं. त्या वेळी सरकारने ३० एप्रिल २०२१ ला सूट दिली होती, परदेशातून गिफ्ट म्हणून असं मशीन कुरिअरने मागवता येत होतं, ३१ जुलैपर्यंत, आन त्याच्यावरचा टॅक्स २८ वरून १२ टक्के केला होता. म्हणजे कागदाची बाजू त्या पोराने सगळी पाहिली होती. रात्र-रात्र जागून पाहिली होती. व्होल्टेजचं मात्र कोणीच पाहिलं नाही.

बॉक्स आला तेव्हा मी दुकान बंद करून घरी होतो, लॉकडाऊनच होतं. त्यांच्या घरच्यांनी ओसरीत बॉक्स उघडला. पिन पाहिली तर दोन चपट्या पट्ट्या आन खाली एक गोल दांडी, आपल्या सॉकेटमध्ये काही जाईना. मग कोणीतरी मोटरसायकलने दारव्ह्याला गेलं, अर्धं शटर उघडं असलेल्या दुकानातून ती ३०-४० रुपयाची पिन बदलायची टोपी घेऊन आलं. टोपी लावली, सॉकेटमध्ये बसली बरोबर, सगळ्यांना बरं वाटलं. बटन दाबलं. मशीन जोरात घुमली, मिनिटभर पण नाही, आन मग तो वास. वायंडिंगवाल्या माणसाला तो वास झोपेत पण ओळखू येतो, वार्निश जळल्याचा.

गुरुजींचा पुतण्या मशीन हातगाडीवर टाकून माझ्या घरी घेऊन आला. "भाऊ, जिवंत होते काय पाह्य ना, गुरुजीले लय दम लागून राहिला." मी मशीन उलटी केली. मागे चांदीच्या रंगाची एक पट्टी होती, चार बोटं रुंद, तिच्यावर इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं होतं, ११५ व्ही, ६० हर्ट्झ. आपल्या घरात २३० व्होल्ट येतात, ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२० व्होल्ट असतात, ६० हर्ट्झ. हर्ट्झ म्हणजे करंट सेकंदाला किती वेळा मागेपुढे होते तो आकडा. ती टोपी फक्त पिनचा आकार बदलते, व्होल्ट जसेच्या तसे आत सोडते. ११५ च्या मोटारीला २३० दिले की करंट दुपटीच्याही वर जातो आन मोटारीत गरमी चौपट-पाचपट होते, तांब्याची तार ते सहनच करू शकत नाही. मी कॉम्प्रेसर खोलला, आतलं वायंडिंग काळं कोळसा झालेलं.

मला जे लागते ते हे, की मशीन बटन दाबायच्या आधी माझ्याकडे आली असती तर ५०० वॅटचा स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर मी एका रात्रीत गुंडाळून दिला असता. तार होती माझ्याकडे, लोखंडाच्या पट्ट्या होत्या, वेळच वेळ होता. तेवढ्यानं पण सगळं काम झालं नसतं हे पण सांगतो, कारण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, हर्ट्झ बदलत नाही, ६० हर्ट्झची मोटार ५० वर सहाव्या हिश्श्याने हळू चालते, गरम होते, हवेचा दाब कमी पडतो. पण चालली असती. काहीतरी दिलं असतं तिनं.

गुरुजी वाचले नाहीत. मशीन चालली असती तर वाचले असते असं मी म्हणत नाही, तसं डॉक्टर पण म्हणाले नाहीत. पण त्यांचा मुलगा अजून मला फोन करतो, वर्षातून दोनदा तरी, आन कुठलाही विषय असो शेवटी तिथंच येतो, "काका, मी फोटो काढून तुम्हाला पाठवला असता तर?" मी त्याला काय उत्तर देऊ. आज हे पत्र लिहिण्याचं कारण तेवढंच आहे साहेब, की त्या पट्टीचा एक फोटो. दुकानातून वस्तू घ्यायच्या आधी मागच्या पट्टीचा फोटो काढा आन जिथं ती वस्तू वापरायची आहे तिथल्या कोणा मेकॅनिकला दाखवा. फुकटचं काम आहे, दोन मिनिटाचं.

आता उलट्या दिशेचं सांगतो. आमच्या गल्लीतल्या एका वहिनीची मुलगी अमेरिकेत टेक्सासमध्ये दिली आहे. तिला तिथल्या मशीनमध्ये पुरणाची डाळ वाटल्या जात नव्हती, ठेचा होत नव्हता. वहिनीनं यवतमाळहून ७५० वॅटचा चांगला मिक्सर घेतला, तीन भांड्यांचा. पॅकिंग मी स्वतः पाहिलं, माझ्याच दुकानासमोर केलं. भांड्यांच्या आत जवसाच्या चटणीची पुडी, मोठ्या भांड्यात कुरडया, मोटारीच्या भोवती जुन्या लुगड्याचे तुकडे गुंडाळलेले, म्हणजे आदळलं तरी फुटू नये. आईनं एवढ्या मायेनं बांधलेलं पार्सल मी दुसरं पाहिलं नाही. त्या वेळी मी वहिनीले म्हटलं, तिकडचा करंट वेगळा आहे, चालणार नाही. वहिनी म्हणाली कुरिअरवाल्याने सांगितलं की सगळेच पाठवतात. कुरिअरवाला सांगणारच, त्याला किलोवर पैसे भेटतात. पाठवायचा खर्च मिक्सरच्या किमतीपेक्षा जास्त झाला.

तिकडे लावला तर मिक्सर फिरला, पण कसा, म्हातारं माणूस जसं चालते तसा. १२० व्होल्टवर २३० च्या मिक्सरची ताकद चौथाईवर येते, डाळ टाकली की थांबते. जळत नाही, पण कामाचा नाही. मग जावईबापूंनी व्होल्ट वाढवायचा कन्व्हर्टर ऑनलाइन मागवला, छोटासा, हातात मावणारा. आता हे पण लोकांना कोणी सांगत नाही की तसले छोटे कन्व्हर्टर इस्त्री, केस वाळवायची मशीन असल्या गरम होणाऱ्या वस्तूसाठी असतात, मोटारीसाठी नाही. मोटारीला खरा लोखंडाच्या पट्ट्यांचा स्टेप अप ट्रान्सफॉर्मर लागतो आन तो पण ७५० च्या मिक्सरला ७५० चा नाही चालत, मोटार सुरू होताना दुप्पट-तिप्पट ओढते, म्हणून १५०० वॅटच्या खाली घेऊ नये. तो ट्रान्सफॉर्मर मिक्सरपेक्षा जड असतो. त्यांचा तो छोटा कन्व्हर्टर तिसऱ्या दिवशी गेला. पोरीनं आईला सांगितलं नाही, मिक्सर मस्त चालते म्हणाली. मला जावयानं सांगितलं.

खरं म्हणजे आपल्याच इकडच्या काही कंपन्या ११० व्होल्टचे मिक्सर मुद्दाम अमेरिकेसाठी बनवतात, प्रीती कंपनीचा तर तिकडच्या इंडियन दुकानात सहज भेटते असं आमची पोरं सांगतात. तीच भांडी, तेच पाते, फक्त वायंडिंग तिथल्या करंटचं. आई-बापाने मिक्सर पाठवण्यापेक्षा तिकडेच तो घ्या म्हणावं, आन पार्सलमध्ये कुरडया पाठवा, जवसाची चटणी पाठवा, ते तिकडे भेटत नाही. तेही आता सोपं राहिलं नाही. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर ड्युटी लागत नव्हती, ती सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली, आन आपल्या पोस्टाने त्याच्या आधीच २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. परत सुरू झालं ते १५ ऑक्टोबरला, दिवाळी पाच दिवसावर आली असताना. आमच्या गावातून त्या दिवाळीला एकही फराळाचा डबा वेळेवर अमेरिकेला पोचला नाही. बाया पोस्टाच्या खिडकीवरून डबे परत घेऊन आल्या. खिडकीतल्या माणसाचा काही दोष नाही, त्याला वरून जे येते ते तो सांगणार, पण का बंद झालं, किती दिवस बंद, हे मराठीत लिहिलेला एक कागद पण भिंतीवर नव्हता.

सगळंच जळते असं नाही, चांगलं झालेलं पण सांगितलं पाहिजे. आमचा टांझानियातला पोरगा, तिकडे कारखान्यात मेंटेनन्स पाहते, त्याला लॅपटॉप पाहिजे होता. तिकडे महाग पडत होता. त्याचा मावसभाऊ दुबईत आहे, तर दुबईत घ्यायचा आन दार-ए-सलामला पाठवायचा असं ठरलं. त्याचे वडील माझ्याकडे आले, कापसाचे पैसे आले होते त्यातून ते देणार होते. मी म्हटलं लॅपटॉपच्या चार्जरचा फोटो मागवा. फोटो आला, त्याच्यावर इनपुट १००-२४० व्ही, ५०/६० हर्ट्झ. हे जर लिहिलेलं असलं तर जगात कुठंही लावा, काही होत नाही, आत जे सर्किट असते ते स्वतःच जुळवून घेते. मोबाईलचे चार्जर, लॅपटॉपचे चार्जर, कॅमेऱ्याचे, जवळजवळ सगळे असेच असतात. पिन पाहिली तर तीन चौकोनी, इंग्लंडसारखी, ती टांझानियात पण चालते, आपल्यासारखी तीन गोल पिन पण तिथं चालते. म्हणजे करंटच्या बाजूनं कुठलाच अडथळा नाही. मी म्हटलं बिनधास्त घ्या.

अडचण आली ती कागदाची. दुबईतल्या कार्गोवाल्यानं पावतीवर लिहून दिलं, गिफ्ट, ५० डॉलर. कायले? तर म्हणे ड्युटी वाचते. दार-ए-सलामला कस्टमने बॉक्स उघडला, आत कोरा लॅपटॉप, पावतीवर ५० डॉलर, मग अडवणारच. खरं बिल दाखवा म्हणाले, बिल मावसभावाच्या नावावर, लॅपटॉप घेणारा दुसराच. तीन आठवडे गेले. आन समजा तो बॉक्स रस्त्यात हरवला असता तर भरपाई कशाची भेटली असती, ५० डॉलरचीच ना, कागदावर जे लिहिलं तेच खरं. शेवटी खरं बिल दिलं, टॅक्स भरला, लॅपटॉप भेटला. तो आता व्यवस्थित चालते, कीबोर्डवर अरबी अक्षरं आहेत तेवढी, त्याची त्याला सवय झाली. पोरानं मला सांगितलं, काका, पहिल्याच दिवशी खरी किंमत लिहिली असती तर दोन दिवसात सुटला असता.

हे कमी किंमत लिहायचं खूळ आपल्या इकडे येणाऱ्या पार्सललाही आहे. लोकांना अजून वाटते गिफ्ट लिहिलं की कस्टम सोडून देते. तसं नाही राहिलं आता. परदेशातून पोस्टानं-कुरिअरनं गिफ्ट म्हणून ड्युटी न भरता वस्तू मागवायची सोय डिसेंबर २०१९ पासून बंद आहे, राखी आन जीव वाचवायचं औषध सोडून. वस्तू येऊ शकते, पण पूर्ण ड्युटी भरून. म्हणून पोरगा स्वतः येणार असेल तर बॅगेत आणणं बरं. बॅगेचे नियम वेगळे आहेत, २०१६ च्या नियमात ५० हजारापर्यंतच्या सामानाला सूट होती आन १८ वर्षांवरच्या माणसाला एक लॅपटॉप वेगळा. पण टीव्ही त्यात नाही, चपट्या टीव्हीवर २६ ऑगस्ट २०१३ पासून बॅगेत आणला तरी ड्युटी आहे, आन तरी अजून आमच्याकडे लोक विचारतात की दुबईहून टीव्ही आणू काय. टीव्ही यवतमाळात घ्या, बिल घ्या, गॅरंटी घ्या, बिघडला तर कंपनीचा माणूस घरी येते. दुबईच्या टीव्हीची गॅरंटी दुबईत.

पॉवर बँक पार्सलमध्ये टाकू नका. सुट्या लिथियम बॅटऱ्या पोस्टाने परदेशी जात नाहीत, विमानात पण मोठ्या बॅगेत नाही, जवळच्या बॅगेतच ठेवा लागते आन विमान कंपनीची वेगळी परवानगी नसली तर १०० वॅट-अवरपर्यंतच. आता हे वॅट-अवर काय, तर मागे जे एमएएच लिहिलं असते त्याला हजाराने भागा आन ३.७ ने गुणा. २० हजार एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४, ती चालते.

मोबाईलचं एक सांगायचं राहिलं. अमेरिकेतून पोरं आईसाठी आयफोन आणतात, चांगला नवा. २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकलेल्या फोनला सिम टाकायची जागाच नसते, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं सिम. आता गावातल्या माऊलीचं सिम कितीतरी वर्षांचं, बँकेला जोडलेलं, गॅसला जोडलेलं, पीएम किसानला जोडलेलं, ते सिम ई-सिम करायचं तर बहुतेक वेळा तिला मेल आयडी पाहिजे, क्यूआर कोड समोर धरायला दुसरा फोन पाहिजे. एक माऊली माझ्या दुकानात फोन घेऊन बसली होती, डब्यातून काढलेला पण नाही, कव्हर पण तसंच. पोरगा परत गेला होता. शेवटी तो फोन कपाटात ठेवला तिनं, आन जुना बटनाचा वापरून राहिली. दुसरी गोष्ट, तिकडे हप्त्यावर घेतलेला फोन त्या कंपनीच्या सिमला लॉक असते, हप्ते फिटल्यावर आन अनलॉक करून घेतल्यावरच आणा, नाहीतर इथं सिम टाकलं तरी नेटवर्क पकडत नाही आन लोक म्हणतात टॉवरच खराब आहे.

आखाती देशातून येणाऱ्या वस्तूंचं व्होल्टेज आपल्यासारखंच असते, दुबई, कतार, कुवेत, ओमान सगळीकडे २२० ते २४० आन ५० हर्ट्झ. फक्त सौदीत ६० हर्ट्झ आहे आन जुन्या इमारतीत १२७ व्होल्ट होते, म्हणून सौदीची वस्तू असली की मी पट्टी दोनदा वाचतो. तिकडच्या वस्तूंना पिन चौकोनी असते, तर आपले लोक काय करतात, पिन कापून टाकतात आन तारा सोलून सॉकेटमध्ये काड्या खोचून देतात. हात जोडून सांगतो, हे करू नका. त्या चौकोनी पिनच्या आत फ्यूज असते, ते तुम्ही कापून फेकून दिलं, आन तिसरी तार म्हणजे अर्थिंग, ती तशीच लोंबत राहते. इस्त्रीत, कुकरमध्ये करंट उतरला तर तो तुमच्या हातातून जाणार. ४० रुपयाची पिन बसवून घ्या कोणत्याही इलेक्ट्रिशियनकडून. आन आमच्या गावात रब्बीच्या दिवसात संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की घरात १७० व्होल्ट येतात आन रात्री अकराला २६० पण होतात, हे मी माझ्या मीटरवर पाहतो रोज. म्हणून बाहेरची महागडी वस्तू असो की इथली, स्टॅबिलायझर लावा.

पार्सलच्या नावानं जे फोन येतात त्याचं तर वेगळं पत्रच लिहायला पाहिजे. ज्याचं लेकरू बाहेर देशात आहे त्या घराला हे लोक बरोबर शोधतात. माझ्या दुकानाच्या बाजूला किराणावाले आहेत, त्यांच्या सुनेला फोन आला की तुमच्या भावाने लंडनहून मोबाईल पाठवला, दिल्ली कस्टमला अडकला, ड्युटी भरा. तिचा भाऊ खरंच लंडनला आहे, तिला वाटलं सरप्राईज असेल. तीन वेळा मिळून ३८ हजार गेले. भावाला विचारलं तर त्यानं काहीच पाठवलं नव्हतं. कस्टमवाले असं फोन करून कोणाच्या खात्यावर पैसे मागत नाहीत, कस्टमच्या खऱ्या पत्रावर एक डीआयएन नंबर, म्हणजे त्या पत्राचा ओळख नंबर असते, तो त्यांच्या वेबसाईटवर टाकून पाहता येते. आधी पाठवणाऱ्याला फोन करा, झोपेतून उठवा पण करा. आन पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, सकाळची वाट पाहू नका, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आधी कळलं तर अडवता येतात. त्या सुनेनं चार दिवस घरात कोणाला सांगितलंच नाही, भ्यायली होती, तिच्यावर कोणी रागवू नये एवढंच मी त्यांच्या घरच्यांना जाऊन सांगितलं.

संपादक साहेब, माझी मागणी मोठी नाही. तुमच्या पेपरात शेतीचं पान असते, नोकरीचं असते, राशिभविष्य रोज असते. तसा आठवड्यातून एकदा एक छोटा चौकोन द्या, परदेशी पाठवायच्या आन तिकडून मागवायच्या वस्तूंवर. कोणत्या देशात किती व्होल्ट, कशी पिन, पोस्टाने काय जाते काय नाही, ड्युटीचा नियम बदलला तर काय बदलला. नियम दरवर्षी बदलतात, आम्हाला कळते ते पार्सल अडकल्यावर. आन पोस्टाच्या मोठ्या साहेबांनी हे पत्र वाचलं तर त्यांना विनंती, तालुक्याच्या पोस्टात मराठीत एक बोर्ड लावा. परदेशी पार्सलमध्ये काय आहे, किंमत किती हे कस्टमसाठी लिहायचा जो सीएन २३ फॉर्म असते तो कसा भरायचा याचा एक भरलेला नमुना काचेखाली ठेवा. आमच्या बाया शिकलेल्या आहेत, बचत गटाचे हिशोब लिहितात, नमुना पाहून त्या बरोबर भरतील, फक्त समोर दिसला पाहिजे.

आन बाहेर देशातल्या पोरांना सांगतो, तुम्ही हा पेपर मोबाईलवर वाचता हे मला माहीत आहे. आई-बाबांसाठी बीपीची मशीन, मसाजची मशीन, वाफ घ्यायची मशीन, काहीही घ्यायच्या आधी खोका उलटा करा, पट्टीचा फोटो काढा, गावातल्या आपल्या वायंडिंगवाल्याला व्हॉट्सॲपवर टाका. आमच्यातला कोणीच त्याचे पैसे घेणार नाही. १००-२४० लिहिलं असेल तर आणा. ११५ किंवा १२० असेल तर तिथंच ठेवा, आन तेवढे पैसे घरी पाठवा, ती वस्तू इथं नागपूर-यवतमाळात भेटते, बिलासकट, गॅरंटीसकट. तुमच्या मायेला त्यात काही कमी पडत नाही रे.

गुरुजींची ती मशीन अजून माझ्याकडेच आहे. काकूंनी नेली नाही आन भंगारात देऊ नको म्हणाल्या. मी तिची मागची पट्टी चार स्क्रू काढून वेगळी केली आन दुकानात काउंटरच्या वर भिंतीला ठोकली, डोळ्यासमोर येईल अशी. बाहेर देशाची वस्तू घेऊन जो येते त्याला आधी मी ती पट्टी दाखवतो, मग त्याच्या वस्तूची पट्टी त्यालाच वाचायला लावतो. सातवी-आठवीची पोरं पण आता वाचून सांगतात, काका हे एकशे पंधरावालं आहे. दुकान सकाळी ९ ते रात्री ८ उघडं असते, बाजाराच्या दिवशी गर्दी राहते, त्या दिवशी सोडून या.

आपला,
एक नियमित वाचक, मोटार वायंडिंग दुकानदार
ता. दारव्हा, जि. यवतमाळ